वजन उतरतं, मग परत का चढतं?

‘वजन कमी करायचं इंजेक्शन आलंय म्हणे’ हे वाक्य आता मिसळीच्या टेबलावरही ऐकू येतं. २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड (माउंजारो) भारतात विक्रीला आलं, पाठोपाठ जूनमध्ये सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) आलं. त्यातल्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६पर्यंतचं. पेटंट संपलं की देशी कंपन्यांना तेच औषध बनवता येतं आणि किंमत खाली येते. त्यामुळे आत्तापर्यंत सिनेनट्यांच्या बातम्यांत असलेली गोष्ट आता कोल्हापुरातल्या शाहूपुरी-राजारामपुरीच्या घराघरांत बोलली जाणार, हे उघड आहे.

पण इंजेक्शन घ्यावं की नाही, याआधी एक प्रश्न सुटायला हवा. वजन कमी झालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. लग्नाआधी दहा किलो उतरवलेला भाऊ असतो, नवरात्रात नुसत्या फळांवर राहून सहा किलो घालवलेल्या वहिनी असतात. दोन वर्षांनी ती माणसं कुठे असतात? बहुतेक जण होते तिथेच, काही जण दोन किलो पुढे. सगळेच्या सगळे आळशी, असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण शरीराच्या हिशेबात आहे.

आधी साधा हिशेब

अन्नातून मिळणारी आणि शरीर खर्च करतं ती ऊर्जा उष्मांकांत म्हणजे कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून (भात, भाकरी, साखर) ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातून (डाळ, अंडी, मटण) ४, आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९. खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठा वाटा व्यायामाचा नसतो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं नुसती चालू ठेवायलाच दिवसाच्या खर्चातले साधारण ६० ते ७० टक्के जातात. अन्न पचवायला दहाएक टक्के लागतात. उरलेल्यात चालणं, उठबस, जिना, व्यायाम सगळं आलं.

अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे रोज ५०० उष्मांकांची तूट ठेवली, तर आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरायला हवं. सुरुवातीला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पहिल्या आठवड्यात तर काटा याहून जास्त खाली येतो, पण ते बरंचसं पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर स्वतःच्या तिप्पट पाणी धरून बसलेली असते. साठा संपला की पाणीही जातं. ‘सात दिवसांत चार किलो’च्या जाहिराती याच पाण्यावर चालतात.

खरी गंमत दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. खाणं तेवढंच, चालणं तेवढंच आणि काटा मात्र अडून बसतो.

उसाचं बिल थकलं की घर काय करतं

कारखान्याकडून उसाचं बिल यायचं थांबलं की शेतकऱ्याचं घर हातावर हात ठेवून बसत नाही. नवी गाडी लांबते, घराचा रंग लांबतो, किराणा जपून वापरला जातो. मग बिल जमा झालं की आधी उधारी फिटते, पुढच्या वर्षाची तजवीज होते आणि हात सैल व्हायला वेळ लागतो. शरीराचं असंच आहे. खाणं घटलं की त्याला दुष्काळ पडलाय असं वाटतं. ते खर्चाला कात्री लावतं आणि पुन्हा भरपूर मिळायला लागलं की साठवणीला लागतं. लाखो वर्षं दुष्काळात तगून राहिलेल्या पूर्वजांकडून आलेली ही सवय आहे.

अमेरिकेत वजन घटवण्याची टीव्हीवर स्पर्धा व्हायची. त्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं. शिवाय त्यांचा विश्रांतीचा खर्च त्यांच्या अंगकाठीच्या मानाने रोज जवळपास ५०० उष्मांकांनी कमी होता. म्हणजे सहा वर्षांनीसुद्धा शरीर काटकसर सोडायला तयार नव्हतं.

त्याहून महत्त्वाचा आकडा भुकेचा आहे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की रोजचा खर्च साधारण २० ते ३० उष्मांकांनी घटतो, भूक मात्र जवळजवळ १०० उष्मांकांनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाची भूक रोज हजारेक उष्मांक जास्त मागत असते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं एक संप्रेरक (हार्मोन) सोडतात, ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप मेंदूला देणारं. चरबी घटली की हा निरोप मंदावतो आणि मेंदू जेवणाच्या मागे लागतो.

त्यामुळे ‘मनाचा निग्रह नाही’ हे पालुपद बंद करायला हवं. निग्रहाने आठ-दहा आठवडे निघतात. हजार उष्मांकांची जादा भूक जन्मभर दाबून कोणी बसत नाही.

मग इंजेक्शनच बरं की!

ही औषधं नेमकी भुकेवर काम करतात, म्हणून त्यांचा गवगवा अगदीच खोटा नाही. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांत विरतं. औषध त्याची नक्कल करतं आणि आठवडाभर टिकतं, म्हणून आठवड्याला एक टोचणी. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. कुठल्याही चहाने, चूर्णाने किंवा पट्ट्याने असं कधी केलेलं नाही.

आता दुसरी बाजू. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. औषध गेलं, भूक परतली, आणि काटकसरी शरीर तर वाटच पाहत होतं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास सर्रास होतात. उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं, त्यात स्नायूही जातात. आणि हे औषध लग्नासाठी पाच किलो घालवायचं साधन नव्हे. लठ्ठपणा हा आजार म्हणून ज्यांना जाचतोय, त्यांच्यासाठी ते आहे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ओळखीच्या मेडिकलवाल्याने ‘घ्या, काही होत नाही’ म्हटलं तरी नाही. गरोदरपणात किंवा दिवस राहायचा विचार असेल तर तर नाहीच.

इंजेक्शन घेणारा आणि न घेणारा, दोघांनाही शेवटी एकच काम करायचं असतं, भूक आटोक्यात ठेवून जन्मभर जमेल असं खायचं.

भूक मारायची नाही, भागवायची

एक मिसळ समोर घेऊन बघू. तळाला मटकीची उसळ, वर मूठ-दोन मुठी फरसाण, त्यावर कट, कांदा, लिंबू आणि शेजारी स्लाइस. यात सगळ्यात गुणी पदार्थ तळाशी असतो आणि सगळ्यात कमी असतो. मोड आलेल्या मटकीत प्रथिनंही आहेत आणि चोथाही, म्हणजे पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं. फरसाण ५० ग्रॅम धरलं तरी अडीचशे उष्मांकांच्या वर गेलं. कटावर तरंगणारं तेल दोन मोठे चमचे पोटात गेलं तर आणखी २४०च्या आसपास. आणि तेलाने पोट भरल्याचं कळतसुद्धा नाही. ‘अजून कट द्या’ म्हणून वाटी पुढे केली की तेच पुन्हा. तीन-चार स्लाइस कशासोबत संपले हे तर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मिसळ सोडा, असं कोल्हापुरात सांगणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. उसळ डबल मागा, फरसाण निम्मं करा, कट एकदाच घ्या, स्लाइस दोन. रविवारची मिसळ रविवारीच. पांढऱ्या रश्श्यालाही हाच न्याय. नारळाचं दूध आणि काजू असलेली वाटी ‘अनलिमिटेड’ आहे म्हणून पाचव्यांदा भरून घ्यायची सक्ती नसते. मटणाच्या फोडी खा की चार जास्त.

प्रथिनांचं महत्त्व दोन कारणांनी. ती भूक जास्त वेळ थांबवतात आणि वजन उतरताना स्नायू राखतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन उतरवत असताना १.२ ग्रॅमच्या आसपास घ्यावीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.) एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. चहा-टोस्ट, पोहे, भात-आमटी, संध्याकाळी भडंग, रात्री भाजी-भाकरी असा दिवस काढणाऱ्याची बेरीज बहुधा निम्म्यावरच अडकते. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात दिसलं पाहिजे. शेंगदाण्याच्या कुटावर प्रथिनांची भिस्त ठेवू नका, त्यात तेलच जास्त.

कारखान्यात बनून पाकिटातून येणाऱ्या खाण्याबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०१९ साली २० जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे पाकिटबंद धाटणीचं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हींत समोर मांडलेले उष्मांक, साखर, चरबी, चोथा सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटबंद खाण्यावर असताना माणसं रोज ५०० उष्मांक जास्त खाऊन बसली, आपण जास्त खातोय हे न जाणवता. खारी, बिस्किटं, नमकीन घरात असणं हीच अडचण आहे. डबा हाताशी असला की तो उघडतोच.

झोपेचं कोणी बोलत नाही. कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांना २०२२मधल्या एका अभ्यासात रोज तासाभराहून थोडं जास्त झोपायला लावलं, खाण्याबद्दल एक शब्द न सांगता. ते रोज २७० उष्मांक कमी खायला लागले. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्याने डाएटचा तक्ता मागण्याआधी हे वाचावं.

आणि घरातल्या बायकांसाठी एक. पातेल्यात उरलेला घासभर भात ‘टाकायचा कशाला’ म्हणून रोज पोटात जातो, तो कोणाच्याच हिशेबात नसतो. उरलं ते फ्रीजमध्ये जाऊ दे.

पैलवान एवढं खातो, त्याला कसं चालतं?

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं. त्या गावात हा प्रश्न येणारच. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला पोरगा पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, माती उकरतो, लढत धरतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच. त्याचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, त्या कष्टाला मोजूनमापून आहे. त्याच्या अंगावर स्नायूही भरपूर, आणि स्नायू बसल्या जागीसुद्धा चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खातात. फरक फार मोठा नाही, पण रोजचा आहे.

खरा धडा पुढचा आहे. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. खर्च एकदम खाली येतो आणि तोंडाची सवय मात्र वीस वर्षांची. निवृत्त पैलवानाचं पोट का सुटतं याचं उत्तर एवढंच. आपण तर कुस्ती कधी खेळलोच नाही, नुसता खुराक उचलला. रात्रीचं जेवण झाल्यावर कट्ट्यावर उभं राहून पेलाभर धारोष्ण म्हशीचं दूध ही मजा आहे, पण तो पेला पाव लिटरचा असेल तर अडीचशेच्या आसपास उष्मांक असलेलं दुसरं जेवणच ते. प्यायचं असेल तर रात्रीचा भात कमी.

तालमीकडून घ्यायचीच असेल तर बैठक घ्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग आपण गाळून टाकतो. आठवड्यातून दोनदा बैठका, भिंतीला टेकून जोर, पिण्याच्या पाण्याचा भरलेला कॅन उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांना, याची गरज जास्त. वजन उतरताना स्नायू टिकवायला प्रथिनांच्या जोडीला हेच लागतं.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात या प्रश्नावर घरात तट पडलेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं खाणं. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं आहेत, आणि दोन्हीकडे कंटाळून सोडलेलीही.

चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाचणी झाली. दोन्ही गटांनी उष्मांक सारखेच घटवले, फक्त एका गटाने दिवसातल्या आठ तासांतच खायचं ठरवलं होतं. त्यांचं वजन सरासरी आठ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या नजरेत हा फरक फरकच नव्हता. खाण्याच्या वेळा बदलून एकूण खाणं कमी होत असेल तर वजन उतरतं, वेळांत स्वतःची जादू नाही. दोनदा जेवून दिवसभर चिडचिड होणाऱ्याने दुसरा रस्ता धरावा. दर दोन तासांनी डबा उघडला की जो थांबतच नाही, त्याला दोनदाच बरं. मात्र मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तिथे प्रयोग नकोत.

आम्ही साखर सोडली, गूळ खातो

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चव आहे, अभिमान आहे. उष्मांक मात्र साखरेएवढेच आहेत, ग्रॅमला चारच्या आसपास. मधही फार मागे नाही, आणि तूप तर ग्रॅमला नऊ. सकाळच्या कोमट पाण्यातल्या मध-लिंबाने चरबी वितळत नाही.

रोज रंकाळ्याला फेरी मारतो, तरी काटा हलत नाही

सत्तर किलोचा माणूस तासभर चांगल्या वेगाने चालला की अडीचशेच्या आसपास उष्मांक जातात, आणि त्यातले काही तर तो घरी नुसता बसला असता तरी गेलेच असते. फेरी झाल्यावर चौपाटीवर भेळ घेतली की हिशेब तिथेच मिटला. नुसत्या चालण्यावर वजन फार उतरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

तरी चाला. रक्तदाब, साखर, झोप, मनाची स्थिती सगळ्याला उपयोग आहे. आणि उतरलेलं वजन राखायला तर चालण्यासारखं काही नाही. अमेरिकेत वजन कमी करून ते निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची १९९४पासून नोंदवही ठेवली जाते. त्यातले ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. दहा हजार पावलांच्या मागे धावायची गरज नाही. तो आकडा १९६०च्या दशकातल्या एका जपानी पावलमोजणी यंत्राच्या विक्रीतून आलाय, वैद्यकशास्त्रातून नव्हे.

मी तर बारीकच आहे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला जोडफोटो प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं होतं, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून सडसडीत दिसतो आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती धरून असतो. मधुमेह तिथूनच सुरू होतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३पासून जास्त वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, रक्तातली साखर तपासून घ्या.

किती उतरवायचं, किती दिवसांत?

आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के, सहा महिन्यांत. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. ऐकायला कमी वाटतं, पण रक्तदाब, साखर आणि यकृतावरची चरबी सुधारायला एवढं पुरतं. आठवड्याला अर्धा किलो गेला तर उत्तम, पावच गेला तरी बिघडत नाही. मग तीन-चार महिने तिथेच थांबा, पुढचं नंतर बघू. काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. जत्रेचं जेवण जेवून दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसला तर घाबरू नका, त्यात मिठाने धरलेलं पाणीच जास्त असतं, चार दिवसांत जातं. दीड किलो चरबी एका जेवणात चढायला अकरा हजारांवर उष्मांक जादा खावे लागतील, आणि एवढं मटण कोल्हापूरकरालाही झेपायचं नाही.

प्रयत्न न करता वजन भराभर उतरत असेल, किंवा खाण्यात काही बदल नसताना वाढत असेल, तर आधी तपासण्या. थायरॉइड कमी असेल तर वजन थोडं वाढतं, बहुतेकदा काही किलोच, आणि गोळीने ते आवाक्यात येतं. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही वजन वाढवतात. ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना पर्याय विचारायचा.